कुंडीखालचे खेकड्याचे भाऊबंद

पावसाळ्याच्या दिवसांत गॅलरीतली जुनी कुंडी उचलली, की तिच्या बुडाशी राखाडी रंगाचे, चपट्या पाठीचे काही जीव लगबगीने अंधाराकडे पळताना दिसतात. त्यांपैकी काही जातींना बोट लागले, की त्या अंगाची गोळी करून स्तब्ध होतात. बहुतेक घरांत त्यांची बोळवण 'किडे' या एकाच शब्दात होते आणि त्यांच्या वाट्याला झाडू किंवा फवारा येतो. प्राणिशास्त्रात या जीवांना आयसोपॉड म्हणतात. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये ते आज मुद्दाम पाळले जातात, त्यांची पैदास केली जाते आणि विक्रीही होते.

यामागे दोन कारणे आहेत. काचेच्या पेटीत बेडूक, सरडे किंवा साप पाळणारे लोक त्या पेटीच्या मातीत आयसोपॉड सोडतात. पेटीतली विष्ठा, गळालेली पाने, उरलेले अन्न हे जीव खाऊन टाकतात. दुसरे कारण म्हणजे हेच जीव त्या प्राण्यांना खाद्य म्हणूनही उपयोगी पडतात. आपल्याकडे गांडूळखताचा डबा आता अनेक घरांच्या परिचयाचा झाला आहे. आयसोपॉडचा डबा त्याचाच एक सख्खा शेजारी म्हणता येईल. मात्र गांडुळांप्रमाणेच या जिवांच्याही काही अटी आहेत. त्या समजून न घेता केलेला प्रयोग थोड्याच दिवसांत फसतो.

कीटक नव्हे, कवचधारी

आयसोपॉड हे कीटक नाहीत. कोळंबी, शेवंड आणि खेकडे ज्या कवचधारी प्राण्यांच्या गटात मोडतात, त्याच गटातले ते आहेत. कीटकांना सहा पाय असतात, तर पूर्ण वाढलेल्या आयसोपॉडला सात जोड्या म्हणजे चौदा. पावसाळ्यात दिसणारा वाणी किंवा पैसा हा प्राणीही अंगाची गुंडाळी करतो. पण त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, त्यामुळे तो सहज वेगळा ओळखता येतो. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा, सुपारीएवढी गोळी होणारा जीवही बहुधा वाणीच्याच कुळातला असतो, आयसोपॉड नव्हे.

आयसोपॉडचा मूळ वंश समुद्रातला. त्यांतले कित्येक आजही समुद्रातच राहतात. खोल समुद्रातला महाकाय आयसोपॉड १८७९ मध्ये प्रथम शास्त्राला ज्ञात झाला. जपानमधील तोबा मत्स्यालयातला असा एक आयसोपॉड पाच वर्षांहून अधिक काळ काहीही न खाता जगला आणि २०१४ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याची बातमी जगभर झाली होती. जमिनीवर राहणाऱ्या जातींची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे. कवचधारी प्राण्यांपैकी पाण्याशी नाते जवळजवळ तोडून जमिनीवर इतका पसारा मांडणारा दुसरा गट नाही.

'जवळजवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हे जीव जमिनीवर आले. पण श्वासाची सोय बरीचशी पाण्यातल्या पूर्वजांचीच राहिली. त्यांच्या पोटाच्या मागच्या भागात कल्ल्यांसारखे पातळ पडदे असतात आणि ते ओलसर असले तरच श्वसन चालते. काही जातींमध्ये या पडद्यांवर पांढरे ठिपके दिसतात. त्या हवा घेणाऱ्या सूक्ष्म पोकळ्या होत. अशा जाती थोड्या अधिक कोरड्या जागीही तग धरतात. मात्र कीटकांच्या त्वचेवर पाणी रोखणारा जो मेणचट थर असतो, तसा परिणामकारक थर आयसोपॉडच्या कवचावर नसतो. म्हणून कोरड्या हवेत ते सुकून मरतात. उलट माती चिखलासारखी झाली, तर गुदमरून मरतात. त्यांच्या संगोपनाचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

सफाई म्हणजे नेमके काय?

आयसोपॉडचे मुख्य अन्न म्हणजे कुजू लागलेली पाने आणि मऊ पडलेले लाकूड. त्याबरोबर बुरशी, इतर प्राण्यांची विष्ठा, मेलेले किडे आणि स्वतःची टाकलेली कातही ते खातात. लाकडातील सेल्युलोज पचवणे सोपे नाही. त्या कामी त्यांच्या पचनसंस्थेतील आणि अन्नाबरोबर पोटात गेलेले सूक्ष्मजीव मदत करतात. पुष्कळदा हे प्राणी स्वतःची विष्ठा पुन्हा खातात. पहिल्या खेपेला न पचलेला अंश सूक्ष्मजीवांनी मऊ केल्यावर दुसऱ्या खेपेला कामी येतो.

पानांचा चुरा करणे हे त्यांचे खरे काम. या चुऱ्यावर जिवाणू आणि बुरशी वेगाने काम करतात आणि त्यातली पोषकद्रव्ये झाडांच्या मुळांना मिळतात. काचेच्या पेटीत स्प्रिंगटेल नावाचे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे जीव त्यांच्या जोडीला सोडतात. ते बुरशी खातात. दोघे मिळून पेटीतली माती दीर्घकाळ चांगली ठेवतात.

तथापि, या सफाईला मर्यादा आहे. आयसोपॉड म्हणजे कचरापेटी नव्हे. लहान बेडकाची विष्ठा ते फस्त करतात. पण मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याची रोजची घाण त्यांच्या आवाक्याबाहेरची असते. स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यांच्या डब्यात ओतला, तर तो कुजून आंबतो, चिलटे होतात आणि आयसोपॉड मरतात. घरच्या ओल्या कचऱ्यासाठी गांडूळ आणि खताची टोपलीच योग्य.

डबा कसा असावा?

पाच ते दहा लिटरचा, झाकणाचा, गुळगुळीत प्लास्टिकचा डबा सुरुवातीला पुरेसा होतो. बहुतेक जातींना स्वच्छ, गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, त्यामुळे ते बाहेर पडण्याची भीती फारशी नसते. डब्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना हवेसाठी भोके पाडून त्यांवर बारीक जाळी चिकटवावी. हवा अजिबात खेळली नाही, तर आतली हवा कोंदट होऊन बुरशी माजते.

तळाशी सात-आठ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. खत किंवा कीटकनाशक न घातलेली बागेतली माती, धुतलेला नारळाचा भुसा, कुजके पांढरट लाकूड आणि चुरलेली पाने यांचे मिश्रण चांगले. नुसता नारळाचा भुसा ओल धरतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसते. या थरावर वाळलेल्या पानांचा जाड थर पसरावा. हा थर म्हणजे त्यांचे छप्पर आणि ताट दोन्ही. तो कधीच संपू देऊ नये.

युरोपात यासाठी ओक आणि बीच या वृक्षांची पाने वापरतात. आपल्याकडे देशी बदाम, आंबा आणि फणस यांची गळून वाळलेली पाने सहज मिळतात. देशी बदामाची पाने तर मत्स्यपालनाचा छंद असलेले लोक जगभर वापरतात. कडुनिंब आणि निलगिरी यांची पाने टाळावीत. त्यांतली द्रव्ये या जिवांना घातक ठरू शकतात. रहदारीच्या रस्त्याकडेची आणि फवारणी झालेल्या उद्यानातली पानेही नकोत. आणलेली पाने उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवली, तर त्यांबरोबर येणारे कोळी, गोमा आणि मुंग्यांची अंडी टळतात.

ओलाव्याचा नियम सोपा आहे. डब्याचा साधारण एक तृतीयांश भाग ओला ठेवावा आणि उरलेला भाग कोरडा. ओल्या टोकाला शेवाळाचा गुच्छ ठेवून त्यावरच पाणी शिंपडावे. संपूर्ण डबा भिजवू नये. आयसोपॉड आपल्याला हवी ती जागा स्वतः शोधतात. सारे जण ओल्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले दिसले, तर डबा फार कोरडा झाला असे समजावे. सारे कोरड्या टोकाला किंवा भिंतीला लटकू पाहत असले, तर पाणी जास्त झाले. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरणे बरे.

तापमान २० ते २७ अंश सेल्सिअस असावे. मुंबईच्या दमट हवेत पाणी बेताने लागते. पावसाळ्यात तर कित्येक दिवस शिंपडावे लागत नाही. याउलट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबा घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या जागी ठेवून ओलाव्याकडे रोज पाहावे लागेल. थेट ऊन लागलेला प्लास्टिकचा डबा तासाभरात भट्टी होतो.

आहार आणि कॅल्शियम

पाने हा मूळ आहार. आठवड्यातून एक-दोनदा काकडी, गाजर, दुधीभोपळा किंवा रताळ्याची पातळ चकती द्यावी. माशांच्या खाद्याची चिमूट किंवा सुकवलेल्या कोळंबीचा तुकडा प्रथिनांसाठी पुरतो. दोन दिवसांत न संपलेले अन्न काढून टाकावे.

कवचासाठी कॅल्शियम अत्यावश्यक आहे. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन, किंवा उकळून वाळवून कुटलेली अंड्याची टरफले डब्यात नेहमी ठेवावीत. पानाला लावायचा चुना मात्र कधीही वापरू नये. तो दाहक असतो.

हे जीव कात टाकतात तीही दोन हप्त्यांत. आधी मागचा अर्धा भाग, मग काही दिवसांनी पुढचा. त्यामुळे कधीकधी अर्धा प्राणी फिकट आणि अर्धा गडद दिसतो. कात टाकण्यापूर्वी पोटाकडच्या बाजूला पुढे पांढरे चट्टे उमटतात. ती बुरशी नव्हे. जुन्या कवचातून परत मिळवलेले कॅल्शियम तेथे साठवलेले असते. या काळात त्यांना हाताळू नये.

पैदास

मादीच्या पोटाखाली द्रवाने भरलेली पिशवी असते. अंडी तिच्यात उबतात आणि पिल्ले तिच्यातूनच बाहेर पडतात. कोठल्याही तळ्याकाठी न जाता जमिनीवर पिल्ले वाढवण्याची ही युक्ती म्हणजे मादीने अंगावर बाळगलेले लहानसे डबकेच. उबेनुसार तीन ते पाच आठवडे ही अवस्था चालते. जातीनुसार एका वेळी दहा-वीसपासून शंभरच्या आसपास पिल्ले होतात. नवजात पिल्लू पांढरट असते आणि त्याला पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी नंतरच्या काती टाकताना येते.

पंधरा-वीस प्राण्यांपासून सुरुवात केली, तर पहिले तीन-चार महिने डबा ओसाड वाटतो. अनेक जण येथेच धीर सोडतात, माती उकरून पिल्ले शोधतात आणि त्यांना चिरडतात. या काळात डब्याला हात न लावणे हेच सर्वांत मोठे काम.

निसर्गातल्या काही वसाहतींत नरांची संख्या फार कमी आढळते. वोल्बाकिया नावाचा जिवाणू काही जातींत नर होऊ घातलेल्या पिल्लांचे मादीत रूपांतर करतो. हा जिवाणू आईकडून पिल्लांकडे जातो, तेव्हा माद्या वाढणे त्याच्या सोयीचे असते.

कोणती जात कशासाठी?

पोर्सेलिओनायडीज प्रुइनोसस ही जात जगभर पसरलेली असून भारतातही आढळते. तिच्या अंगावर निळसर पूड भुरभुरल्यासारखी झाक असते. ती चपळ आहे, उष्ण हवा सोसते आणि लवकर वाढते. शेणखताच्या ढिगात ती रमते. आपल्या हवामानात नवशिक्यासाठी हीच सर्वांत योग्य. ट्रायकोरायना टोमेंटोसा ही पांढरी, पाच मिलिमीटरपर्यंतची ठेंगणी जात मूळची उष्ण अमेरिकेतली. तिच्या माद्या नराशिवाय पिल्ले देतात. चिमुकल्या बेडकांसाठी आणि लहान माशांसाठी तिचा उपयोग होतो. पोर्सेलिओ स्केबर ही मूळची युरोपीय जात काटक आहे, पण तिला थंडावा मानवतो. पोर्सेलिओ लीव्हिस मोठी आणि खादाड. तिला प्रथिने कमी पडली, तर पेटीतल्या इतर प्राण्यांच्या अंड्यांनाही ती तोंड लावू शकते.

गोळी होणारी आर्माडिलिडियम वल्गेअर ही जात दिसायला आकर्षक, पण सावकाश वाढणारी. अर्जेंटिनात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे तिने नुकसान केल्याची नोंद आहे. पालापाचोळा कमी पडला, की हे प्राणी अंकुरांकडे वळतात. म्हणून कुंडीत बी पेरले असेल, तर त्यांना तेथे मुद्दाम सोडू नये.

खाद्य म्हणून किती सुरक्षित?

पाळीव प्राण्यांना खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी असते. आयसोपॉडचे कवचच कॅल्शियमचे असल्याने ते या बाबतीत सरस ठरतात. तरी हे पूरक खाद्य समजावे. त्यांची वाढ इतकी वेगवान नसते की रोजचे ताट त्यांच्यावर भरावे. वसाहत पुरती भरल्यानंतरच, आणि तीही थोडीथोडी, काढणी करावी. काकडीची चकती रात्री ठेवली, की सकाळी तिच्याखाली हवे तेवढे प्राणी सापडतात.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना. बाहेरून पकडलेले आयसोपॉड थेट कोणालाही खाऊ घालू नयेत. याला दोन कारणे आहेत. तांबे, जस्त, शिसे आणि कॅडमियम यांसारखे धातू हे प्राणी शरीरात साठवून ठेवतात. इतके, की प्रदूषण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात. कारखान्याशेजारचा किंवा महामार्गाकडेचा आयसोपॉड खाद्य म्हणून धोक्याचा ठरतो तो यामुळेच.

दुसरे कारण परजीवींचे. पक्ष्यांच्या आतड्यात राहणारा प्लॅजिओरिंकस नावाचा काटेरी तोंडाचा कृमी आपल्या आयुष्याचा एक टप्पा आयसोपॉडच्या शरीरात काढतो. अमेरिकी संशोधक जॅनिस मूर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की बाधित आयसोपॉड लपायचे सोडून उघड्या, कोरड्या जागी अधिक फिरतात आणि त्यामुळे पक्ष्यांच्या तोंडी सहज लागतात. म्हणजे जो सहज हाती लागतो, तोच बाधित असण्याचा संभव अधिक.

यावर उपाय घरच्या पैदाशीचाच आहे. बाहेरून आणलेले प्राणी वेगळ्या डब्यात ठेवावेत. पिल्ले झाली, की मोठ्यांना तेथून काढावे आणि ही डब्यात जन्मलेली, स्वच्छ पानांवर वाढलेली पिढीच पुढे वापरावी. एखादा राखाडी प्राणी अचानक गडद निळा-जांभळा दिसू लागला, तर तो विषाणूची बाधा झालेला असतो; तो वाचत नाही. त्याला तत्काळ वेगळे करावे.

छंद आणि जंगल

स्वस्त, सामान्य जातींपुरता हा छंद निरुपद्रवी आहे. अडचण दुर्मीळतेच्या हौसेपाशी सुरू होते. थायलंडमधील चुनखडीच्या गुहांच्या परिसरातून आलेली, बदकासारख्या पिवळ्या तोंडाची एक जात २०१७ च्या सुमारास बाजारात आली आणि एकेका प्राण्याला भरमसाट किंमत येऊ लागली. स्पेनमधील पोर्सेलिओच्या मोठ्या जातींनाही अशीच मागणी आहे. यांतल्या कित्येक जाती एखाद्या डोंगरापुरत्या किंवा गुहेपुरत्या मर्यादित असतात आणि पिल्ले कमी देतात. तेथून पिशव्या भरून प्राणी उचलले, तर ती जात शास्त्राने नाव देण्याआधीच संपू शकते.

उलट बाजूचा धोका म्हणजे परके प्राणी मोकळे सोडणे. उत्तर अमेरिकेच्या बागांत आज सर्वत्र दिसणारे आयसोपॉड प्रामुख्याने युरोपातून गेलेले आहेत. एकदा पसरलेला जीव परत गोळा करता येत नाही. डबा बंद करायचा असेल, तर त्यातली माती बागेत न टाकता आधी कडक उन्हात पूर्ण वाळवावी किंवा दोन-तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावी.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून कोणताही जीव उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशातून सजीव प्राणी आणण्यासाठी सरकारी परवानगी लागते. टपालाने गुपचूप मागवलेला डबा त्यात बसत नाही. तसेच ज्या प्राण्यासाठी हे खाद्य वाढवायचे, तो प्राणी पाळणे वैध आहे का, हेही पाहावे. तारा कासव घरी ठेवणे गुन्हाच आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मत्स्यपेटीतले सामान्य शोभेचे मासे पाळणाऱ्यांना आणि कुंड्यांची माती जिवंत ठेवू पाहणाऱ्यांना मात्र गच्चीवरच्या कुंडीखाली सापडणारी जात पुरेशी आहे. तिच्यासाठी थायलंडला जाण्याचे कारण नाही.

हे लक्षात ठेवा

• आयसोपॉड माणसाला चावत नाहीत आणि दंशही करत नाहीत. कोरड्या घरात ते फार काळ जगत नाहीत, त्यामुळे घरभर वाढण्याची भीती नाही.

• मुंग्या हा मोठा शत्रू. पूर्वी गोडाचे भांडे पाण्याच्या परातीत ठेवत, तसाच डबा ठेवावा. मुंग्या-झुरळांसाठीचा खडू डब्याजवळ ओढू नये. त्यातले विष आयसोपॉडनाही मारते.

• सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होणार असेल, तर खिडक्या लावून डबा आतल्या खोलीत न्यावा आणि धूर पूर्ण ओसरेपर्यंत झाकावा.

• निरोगी डब्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. आंबट किंवा उग्र वास आला, तर अन्न कमी करून हवा वाढवावी.

• वर्षातून एकदा निम्मी माती बदलावी. संपूर्ण माती एकदम बदलली, तर पिल्ले आणि उपयुक्त सूक्ष्मजीव दोन्ही हातचे जातात.